शेवटच्या ओळीतली जागा

यात पदरचं काही घातलेलं नाही. द्वारकाबाई आजही त्याच बागेत कामाला आहे, जाऊन विचारा.

छावणीकडं एक पडकं चर्च होतं. छत कधीच कोसळलेलं, वेदीमागची एक भिंत तेवढी उभी. तिच्यापुढच्या मोकळ्या जागेत बाग केली. हर्सूलहून पहिल्या बसनं येऊन द्वारकाबाई तिथं पाणी घालायची. गुडघे ठणकायचे, पण घरात कमावणारी ती एकटीच.

हिरवळ काही धरेना.

सगळीकडं नाही… फक्त पट्ट्यापट्ट्यांनी.

तीनदा लावली. तीनदा जळाली.

"मावशी, पाणी घालता का नुसत्या गप्पा मारता?" मुकादम प्रणय म्हणाला. "महिनाअखेर हिरवं दिसलं नाय, तर घरी बसा."

डिसेंबरातला रविवार. सकाळचे सहा. ती पाईप घेऊन आत आली आणि थबकली.

सगळीकडं दव पडलेलं. पण त्या पट्ट्या…

कोरड्याठाक.

भिंतीकडं तोंड करून माणसं ओळीनं बसून उठावीत, तशा.

तिनं चौकीदार मजीदचाचांना हाक मारली. ते आले, पण गवतावर पाय ठेवला नाही.

"अब्बा सांगायचे. लोक इथं सतरंजीवर बसायचे. डावीकडं बाया, उजवीकडं बाप्ये. चपला पायरीपाशी. अन् तू रोज चपला घालून मधूनच पाईप ओढती, बाई."

"मग काय, पाया पडू त्यांच्या?"

चाचांनी तिच्या चपलांकडं बोट केलं.

ती लई थकली होती. चपला काढल्या आणि डावीकडं, शेवटच्या ओळीच्या टोकाला बसली.

जमीन उबदार होती…

शेजारी लुगडं सरकल्याचा आवाज आला. कुणी जागा करून द्यावी, तसा.

तेव्हापासून ती चपला पायरीपाशी काढायची, पाईप कडेनं न्यायची अन् रविवारी त्याच जागी टेकायची. पंधरा दिवसांत हिरवळ धरली. "जमलं की मावशी!" प्रणय म्हणाला. नोकरी राहिली.

त्यापुढच्या रविवारी ती मुद्दाम बसली नाही. लांबूनच पाहिलं. ओळी कोरड्या होत्या. फक्त तिच्या जागी…

एका माणसापुरतं दव.

सोमवारी तिथलं गवत पिवळं पडलं.

त्यानंतर तिनं एकही रविवार चुकवला नाही.

"भीती नाय वाटत?" चाचांनी विचारलं.

"वाटती. पण आठवड्यात टेकायला तेवढंच मिळतं."

गेल्या रविवारी शेवटची ओळ पूर्ण कोरडी होती.

तिच्यासाठी सोडलेली ओली जागा एक ओळ पुढं सरकली होती…

भिंतीपर्यंत आता चारच ओळी उरल्यात.