पायरीवरची पावणेचार वर्षं

“डाव्या अंगानं उतर. अनवाणी. आणि शेवटच्या पायरीवर दिवा ठेवल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब घालू नको.”

पहाटे पावणेपाचला वृंदाला जाग यायची ती या आवाजानं. आत्या, म्हणजे तिच्या सासूबाई गजराबाई गुरव, जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी वृंदाचा हात धरून एवढंच सांगितलं होतं आणि वृंदानं मान हलवून हो म्हटलं होतं.

ती उठली. उजवा गुडघा आधी चोळून मगच जमिनीवर पाय टेकायचा, असं अलीकडे ठरूनच गेलं होतं. पाचही खोल्या भरलेल्या. दोन नंबरच्या लोकांना साडेपाचला गरम पाणी हवं होतं, चार नंबरला बिनसाखरेचा चहा. तिनं मोठं पातेलं गॅसवर चढवलं, निरांजन पेटवलं आणि ते घेऊन ती नदीकडच्या गॅलरीत आली. खाली घाटाच्या सत्तावीस पायऱ्या आणि त्यांच्या टोकाशी कृष्णेचं पाणी अंधुक दिसत होतं.

“कृष्णाआई, आज इथूनच गोड मानून घे,” ती पुटपुटली. “उद्या येते.”

हे ‘उद्या’ तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की ते झिजून गुळगुळीत झालं होतं. बाकी नेमांत तिनं कधी खंड पडू दिला नव्हता. एकादशी, सोमवार, रोजची जपाची माळ, तुळशीचं पाणी. एवढा एकच नेम पायऱ्या चढून वर गॅलरीत येऊन बसला होता. दिवा कठड्यावर ठेवून ती भांडंभर पाणी प्यायली. आत पातेल्याला उकळी फुटली होती.

रुईघाटच्या पेठेत गाड्यांना बंदी झाली त्याला आता सहा वर्षं होत आली. त्याआधी गुरवांच्या उताऱ्यावर, घरातल्या या पाच खोल्यांत, वर्षाकाठी मोजके यात्रेकरू यायचे. आता माणसं दोन-दोन महिने आधी खोल्या अडवायची, कारण पेठ पायी फिरायची आणि ऐकायची जागा झाली होती. वेशीवर प्रत्येकाला कानमणी मिळायचा, हरभऱ्याएवढा. तो कानात घालून दगडापाशी उभं राहिलं की दगडावर कोण चालून गेलं ते तो सांगायचा.

“काकू, आज कुठं फिरायचं?” नाश्त्याला बसलेल्या नागपूरच्या जोडप्यातल्या नवऱ्यानं विचारलं.

“ऊन चढायच्या आत दगडी पूल करून या. पलीकडून आपला घाट सबंध दिसतो. परत येताना कासार आळीतून या. तिथं तिसऱ्या दुकानाचा उंबरा बघा, डाव्या बाजूलाच झिजलाय. बांगड्या भरायला आलेल्या बायका एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभ्या राहायच्या, घाई असल्यासारख्या. आणि मग तासभर तशाच उभ्या.”

“हे कानमण्यानं सांगितलं तुम्हाला?”

“नाही हो. मी पण तशीच उभी राहायचे.”

“आणि पाय दुखले तर बसायचं कुठं?” नवऱ्यानं विचारलं.

“काल पेढ्याच्या दुकानापर्यंत बरे चालले होते तुझे पाय,” त्याची बायको म्हणाली, आणि दोघं हसत बाहेर पडली. जाताना बायकोनं गॅलरीतल्या दिव्याचा फोटो काढला. सगळेच काढायचे. उताऱ्याच्या जाहिरातीतसुद्धा तोच फोटो होता, आणि खाली लिहिलेलं होतं: पन्नास वर्षांचा अखंड नेम.

त्या ओळीकडे वृंदा बघायची नाही.

तीन नंबरच्या खोलीतली सानिया मुजावर नाश्त्याला सगळ्यांत शेवटी आली. बत्तीस वर्षांची ही मिरजेची मुलगी दगडांची डॉक्टर होती, आणि गेले बारा दिवस घाटावर काम करत होती. कानमणी जे बोलायचा ते तिच्यासारख्या माणसांनी आधी दगडातून वाचलेलं असायचं. त्यासाठी तिच्याकडे एक यंत्र होतं, भाकरीच्या तव्याएवढं आणि तसंच चपटं. त्याला ते लोक शिलावाचक म्हणायचे.

पहिल्याच दिवशी वृंदानं विचारलं होतं, की दगड वाचतात म्हणजे काय करतात. सानियानं हातातली पोळी खाली ठेवून सांगितलं होतं, “दगडाच्या आतल्या कणाला कधी ऊन लागलेलं नसतं, काकू. वरचा थर झिजला की तो कण उघडा पडतो. पहिलं ऊन लागतं त्या दिवसापासून त्याच्या आत एक घड्याळ चालू होतं. ते वाचलं की कुठली झीज कधीची ते कळतं. आणि झीज कशी आहे त्यावरून पाऊल कळतं. जड की हलकं, चपलेचं की अनवाणी, चढणारं की उतरणारं.”

“आणि बाई की पुरुष?”

“बहुतेक वेळा. हातात काय होतं, तेही थोडंफार.”

वृंदाला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आपल्या घरासमोरच्या पायऱ्या ती शेवटी वाचणार आहे, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आज सानियाचे डोळे झोप न झाल्यासारखे दिसत होते, पण चेहरा उजळलेला होता. तिनं आपल्या यंत्राचा पडदा ताटाशेजारी टेकवून उभा केला.

“काकू, बसा ना जरा. समितीला परवा अर्धंच सांगितलंय. सगळं तुम्हाला आधी दाखवायचं ठरवलं होतं.”

पडद्यावर घाटाची डावी कड होती. प्रत्येक पायरीवर एकेक उथळ खळगा, आणि खळग्याच्या काठाशी वर्तुळं, आटत गेलेल्या डबक्याला असतात तशी.

“हे एकाच बाईचं पाऊल आहे. अनवाणी. रोज एकदा उतरणं, एकदा चढणं. उतरताना उजवा हात स्थिर, काहीतरी सांडू नये किंवा विझू नये म्हणून धरल्यासारखा. चोविसाव्या पायरीवर ती रोज थांबते. का ते मला कळत नाही.”

“पदर आडवा धरायला,” वृंदा म्हणाली. “तिथं नदीवरचा वारा लागतो.”

सानियानं ते टिपून घेतलं. मग म्हणाली, “एक्केचाळीस वर्षं, काकू. मी खूप ठिकाणचे दगड वाचलेत. एका माणसाचं एवढं लांब, न तुटलेलं चालणं कुठं पाहिलं नाही. मधे फक्त अकरा-अकरा दिवसांचे खंड आहेत, दोन.”

“सुतक. मामंजी गेले तेव्हा, आणि माझे यजमान गेले तेव्हा.”

वृंदानं पडद्यावरच्या त्या खळग्यावर बोट ठेवलं. काच गार होती. आत्यांच्या टाचांच्या भेगा तिला आठवल्या, आणि रात्री त्यांत कोकम तेल भरताना आत्या हसायच्या ते आठवलं. माणूस गेलं, पण त्याचं रोजचं येणं-जाणं असं राहिलं होतं. तिचे डोळे भरून आले.

“मग नऊ वर्षांपूर्वी ते पाऊल थांबतं,” सानिया पुढं म्हणाली. “आणि लगेच दुसरं सुरू होतं. तीच कड, तीच वेळ. थोडं जड, आणि उजवा गुडघा सांभाळून. सव्वापाच वर्षं.”

तिनं पडदा वृंदाकडे सरकवला. पडद्यावरचं सगळ्यांत आतलं वर्तुळ कोरं होतं.

वृंदाला वाटलं, आता आत जाऊन भांडी घासायला घ्यावीत. पण ती बसून राहिली.

“आणि नंतर?” तिनंच विचारलं.

“नंतर पावणेचार वर्षं कुणीच नाही.” सानियानं पडदा हळूच आडवा केला. “काकू, वरचा थर पातळ असतो. यंत्राची चूकही होते कधीकधी. मी अहवालात तसं लिहू शकते.”

“यंत्र चुकलं नाही, पोरी. मी चुकले.”

असं पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं, आणि पडल्यावर घरात काहीच कोसळलं नाही. बाहेर कुणीतरी गरम पाण्याची बादली मागत होतं.

“मला आधी ताप आला होता,” वृंदा सांगत गेली. “तीन दिवस. तेव्हा म्हटलं, गॅलरीतून दाखवू दिवा, आईला काय कळत नाही का. मग गुडघा. मग सगळ्या खोल्या भरायला लागल्या. सकाळी पाच माणसं पाच वेळेला उठतात. खाली जाऊन यायला मला अर्धा तास लागतो, आणि आल्यावर तासभर पाय उचलत नाही. कुणा एकीनं फोटो काढला, म्हणाली किती छान दिसतो दिवा. मग मलाही वाटलं, छानच दिसतो.” ती जराशी हसली. “पाप करायचं असं कधी ठरवलंच नाही बघ. दमले, एवढंच.”

सानिया म्हणाली, “माझी अम्मी रोज फजरला, पहाटेच्या नमाजाला उठायची. शेवटी शेवटी बसून नमाज पढायची. तिला विचारलं तर म्हणायची, गुडघ्यांना माफी आहे, झोपेला नाही.”

वृंदा गरम पाण्याची बादली भरायला उठली.

दुपारी उल्हास कासार आला. घाट समितीचा सचिव, बोलायला लागला की समोरच्याचं ऐकून घेण्याच्या भानगडीत न पडणारा. बरोबर काच बसवणारी दोन माणसं, ‘आजही अखंड’ असं छापलेली पाटी आणि पायऱ्या अडवायची पिवळी फीत.

“वहिनी, नशीब काढलंत. आत्याबाई आता एकट्या तुमच्या राहिल्या नाहीत, गावाच्या झाल्या. डावी कड वरपासून पाण्यापर्यंत काचेखाली. ‘भक्तीचं पाऊल’. उद्या सकाळी सातला काच बसते, परवा उद्‌घाटन. चार शब्द तुम्ही बोलायचे.”

“काचेखाली म्हणजे?”

“म्हणजे कुणी पाय द्यायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही बरं का,” तो हसला. “तुमचे तर पाय बांधूनच ठेवायला पाहिजेत. घरची माणसंच जास्त झिजवतात.”

“मग दिवा कुठं ठेवायचा?”

“दिवा गॅलरीत शोभतोय की. सगळं जग बघतंय तो.”

वृंदानं पाटी पुन्हा वाचली. मग नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, “उल्हासभाऊजी, पाटीवर ‘आजही अखंड’ लिहिलंय ना, ते काढा. अखंड नाही. पावणेचार वर्षं मी खाली उतरलेले नाही.”

उल्हासनं तिच्याकडे पाहिलं, मग सानियाकडे, मग काचवाल्यांकडे.

“पाटी छापून झालीय, वहिनी. आणि कोण मोजायला येतंय?”

“मोजून झालंय,” सानिया म्हणाली.

उल्हासचं हसू ओसरलं. “बघू,” एवढंच म्हणून तो फीत घेऊन घाटाकडे गेला. जाता जाता वळून म्हणाला, “उगीच अंगाला लावून घेता. एवढी वर्षं चालवलंत ते काय कमी आहे?”

संध्याकाळी आरती झाल्यावर वृंदा आणि सानिया घाटाच्या वरच्या कठड्यावर बसल्या. डाव्या कडेला पिवळी फीत बांधलेली होती. नागपूरची जोडी खाली उजव्या बाजूला पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि आता पाय कुणाचे दुखताहेत यावरून त्यांचं चाललं होतं.

“मी पुन्हा उतरायला लागले तर काय होईल?” वृंदानं विचारलं.

सानियानं तळहात खोलगट धरून दाखवला. “खळगा खोल झाला की त्याचा काठ खचत जातो. सगळ्यांत जुनं वर्तुळ काठाला असतं, ते आधी जातं. पंधरा-वीस वर्षांत आत्यांचं पाऊल वाचता येणार नाही. आज उतरवून घेतलंय तेवढंच राहील, पडद्यावर. दगडावर नाही.”

“आणि माझं कोरं वर्तुळ?”

“ते आतलं आहे. ते राहील बराच काळ.”

म्हणजे आत्यांची खूण पुसायची आणि आपली चूक तेवढी ठेवायची. वृंदाला थकल्यासारखं झालं. काच बसली तर सगळं सोपं होतं. नेम मोडल्याचं कारण आता गावानंच दिलं असतं, वर हारही घातला असता.

“आत्यांच्या आधी त्या पायऱ्या कुणी झिजवल्या होत्या?” थोड्या वेळानं तिनं विचारलं.

“कुणीतरी असणारच. खळगा आधीपासून होता. पण आता वाचता येत नाही. आत्यांनी पुसलं ते, रोज उतरून उतरून.”

“त्यांना माहीत नव्हतं.”

“माहीत असतं तर थांबल्या असत्या?”

 पाण्यावरचा उजेड कमी होत होता. मग वृंदानं विचारलं, “शंभर वर्षांनी कुणी वाचलं, तर ही मधली पावणेचार वर्षं दिसतील?”

“दिसतील,” सानिया म्हणाली. “त्यानंतरचंही दिसेल. असेल तर.”

पहाटे पावणेपाचला आवाज आला. डाव्या अंगानं उतर. वृंदानं गुडघा चोळला, उठली, तोंड धुतलं. स्वयंपाकघरात आधीच उजेड होता. सानिया ओट्यापाशी उभी होती आणि मोठ्या पातेल्यात पाणी ओतत होती.

“चार नंबरला साखर नाही ना?”

“नाही. आणि दोन नंबरला पाणी साडेपाचला.”

“बघते मी.”

वृंदानं निरांजनात तूप घातलं, वात सारखी केली, पेटवली. गॅलरीचं दार उघडंच होतं, पण ती तिकडे गेली नाही. चपला दाराशी काढून ठेवल्या. काच बसायला अजून दोन तास होते. उद्या काय करायचं, परवा काचेवर पाय ठेवायचा की काचेपाशी थांबायचं, हे तिला माहीत नव्हतं. दगडानं माणसाची आठवण जपायची, की माणसानं दगड झिजवून दिलेला शब्द जपायचा?

घाटाच्या वरच्या पायरीवर तिनं एका हातानं पिवळी फीत वर उचलली, वाकून खालून गेली, आणि दिव्याआड पदर धरून डावा पाय खालच्या पायरीवर ठेवला. खळगा गार होता आणि पावलाएवढाच होता.