पंख्याखालची चटई

दिवा जरा पुढे सरकवा, म्हणजे तुमचे चेहरे दिसतील. घाबरू नका, गोष्ट रात्रीची नाही, लख्ख दुपारची आहे. आणि तशी आनंदाचीच आहे.

त्या वर्षी चैत्र उतरणीला लागला असताना मी ठाण्याहून आगगाडीने कल्याणला गेलो, तो गारवा विकत घ्यायला. हसा खुशाल. मी कचेरीत अव्वल कारकून. मासुंदा तळ्याजवळ आमचं कौलारू घर, घरात मी, माझी बायको उत्तरा आणि रंगूआत्या. उत्तराला आठवा महिना होता. आदल्या वैशाखात आमचा पहिला मुलगा दहा दिवसांचा होऊन त्याच घरात, त्याच उकाड्याने गेला होता. बारशाचं सामानही आणून ठेवलेलं. "इतक्या तान्ह्याचं तर्पणसुद्धा नसतं गं," असं आत्याने सांगितलं, तेव्हा उत्तराने ते सामान पेटीत बंद केलं होतं. या खेपेला मात्र ती एकदाच म्हणाली, "हे मूल मी उन्हाला द्यायची नाही."

कल्याणला रेल्वेच्या एका गोऱ्या अंमलदाराचा बंगला रिकामा होत होता. त्याच्या सामानाचा लिलाव होता. उत्तराने मला बजावलं होतं, "वाळ्याची ताटी आणा. खिडकीला लावायची, पाणी शिंपडायचं, झालं. पंखा मुळीच नको. बाहेर कोणी घामाघूम होऊन दोरी ओढायची आणि मी आत वाऱ्यात लोळायचं, ते मला गोड लागणार नाही."

ताट्या होत्या, छान सुवासिक होत्या. एक यंत्रही होतं, दांडा फिरवला की ओल्या वाळ्यातून वारा फेकणारं, पण ते आमच्या दारातून आत आलं नसतं. आणि तिथेच तो पंखा होता. आढ्याला टांगायचा, सहा हात लांब, पांढऱ्या झालरीचा. कचेरीत साहेबाच्या डोक्यावर असाच पंखा हलायचा आणि त्याचा वारा माझ्या टेबलापाशी येईपर्यंत दमून जायचा. दहा वर्षं मी त्या वाऱ्याकडे आशाळभूतपणे पाहत आलो होतो. बायकोचं सांगणं विसरलो आणि पंखा घेतला. दोरीचं टोक घामाने काळं, गुळगुळीत झालेलं मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

उत्तराने कपाळाला हात लावला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पंखा टांगला गेला, भिंतीतल्या भोकातून दोरी पडवीत आली आणि ओढायला मिठागराकडचा दगडू ठेवला. मग काय सांगू! आठ दिवस उत्तरा दुपारी गाढ झोपली. तिच्या गालांवर रंग आला. रंगूआत्यासुद्धा तांदूळ निवडायला सूप घेऊन नेमकी पंख्याखाली बसू लागली. मी मिशीला पीळ देत हिंडत होतो.

नवव्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कावळेसुद्धा गप्प होते. तळ्याकडून शेवाळाचा कुबट वास येत होता, आणि घरातून पंख्याच्या दोरीच्या चाकाची कुरकुर... कुर्र... कुर्र... अंगणात पाऊल टाकलं तर दगडू आंब्याखाली तोंड उघडं टाकून झोपलेला.

मी पडवीकडे पाहिलं. पडवीत कोणी नव्हतं. दोरी ताणली जात होती, सैल पडत होती, पुन्हा ताणली जात होती. टोकाजवळ दोन ठिकाणी ती दबलेली होती, मुठीत धरल्यासारखी. जवळ गेलो तर घामाचा आणि तंबाखूचा उग्र वास आला.

"दगडू..." मी हाक मारली.

तो धडपडून उठला. "मालक, मी नाय ओढत."

"मग कोण...?"

"पयल्या दिसापासून आपसूक चाललीय. मना वाटलं, तुमाला ठावं आसंल." मग तो हळूच म्हणाला, "आमच्या गावचा काळुराम. कल्याणच्या बंगल्यावर हाच पंखा ओढायचा. अशाच उनाचा गेला, दोरी हातात धरून. आत साहेब निजलेला. त्याला सांजपर्यंत कललं नाय."

"का नाही कळलं?"

"पंखा थांबलाच नाय, मालक..."

माझ्या पाठीवरून भर उन्हात गार घाम उतरला.

आतून आत्याने सगळं ऐकलं होतं. "आत्ताच्या आत्ता जाळा ते धूड!" उत्तरा मात्र दारात येऊन उभी राहिली. एक हात पोटावर, डोळे त्या दोरीवर.

"त्याला कोणी पाणी दिलं होतं का हो, दगडू?"

"नाय, वैनी."

तिने पुढे होऊन दोरीचं काळं टोक निरखलं. मग म्हणाली, "परवा अक्षय्य तृतीया. गेलेल्यांच्या नावाने पाण्याचा घडा आणि हाताने वारा घ्यायला विंझणा द्यायचा दिवस. याचं कोण करणार? त्या दिवशी तासभर हा आत निजेल. मी चटई घालते. दोरी तुम्ही ओढायची."

"मी?"

"ताटी आणली असतीत, तर बसावं लागलं नसतं."

"परक्याचं भूत घरात निजवणार?" आत्या कडाडली.

"आत्याबाई, आठ दिवस त्याचा वारा खातोय ना आपण?" यावर आत्या सूप घेऊन आत गेली.

तृतीयेला उत्तराने पंख्याखाली चटई घातली, गार पाण्याचा घडा ठेवला, नवा विंझणा ठेवला. चटईला लागून एक छोटं दुपटं घातलं. मला वाटलं, उशीऐवजी असेल. दार लोटून ती स्वयंपाकघरात गेली.

मी, अव्वल कारकून, धोतर खोचून पडवीत बसलो. "काळुराम... आत जा. निजा जरा," मी म्हणालो. दोरी एकदम सैल पडली. तंबाखूचा वास माझ्या अंगावरून आत गेला.

मी ओढू लागलो. पाच मिनिटांत तळहात सोलवटले. "झटके नका मारू, मालक, लांब ओढा," दगडू आंब्याखालून शिकवत होता. आणि मग... बंद दाराआडून घोरणं सुरू झालं. चांगलं दणदणीत, निश्चिंत घोरणं. अंगावर सर्रकन काटा आला आणि लगेच मला हसू फुटलं. स्वयंपाकघरात आत्या रामरक्षा म्हणत होती आणि उत्तरा तोंडाला पदर लावून खुदखुदत होती.

दमून मी क्षणभर थांबलो. घोरणंही थांबलं. सगळं चिडीचूप. मग भिंतीच्या पलीकडून, अगदी कानाशी, जड आवाज आला...

"ओढ..."

साहेबाचा हुकूमही मी कधी इतक्या झटकन पाळला नव्हता!

दुसऱ्या दिवसापासून काळुराम पुन्हा आपल्या जागी. महिनाअखेर त्याच्याच वाऱ्यात नीला जन्मली. अशी रडली की तळ्यापलीकडे ऐकू गेलं. बाराव्या दिवशी बारसं झालं, आणि उत्तरा इतकी हसली की तिचं ते हसू पाहून मीच रडलो. तेव्हापासून दर तृतीयेचा एक तास माझा. एकच नियम, चटई उत्तराच उचलणार. तोवर आत कोणी जायचं नाही.

नीला आता पंधरा वर्षांची. या साली तिच्या सासरी, कल्याणला, चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, म्हणून उत्तरा तिकडे गेली. जाताना चटई आणि दुपटं घालून म्हणाली, "मी येईपर्यंत चटईला हात लावू नका."

बायकोचं ऐकायची सवय मला अजून लागलेली नाही. तास भरला, घोरणं थांबलं, मी दार ढकललं.

चटईवर घामाने उमटलेली एक रुंद पाठ होती. आणि शेजारच्या दुपट्यावर, त्या पाठीच्या कुशीत, दुसरी एक ओली पाठ. दीड वितीची. दहा दिवसांच्या मुलाची असते तेवढी.

चौदा-पंधरा वर्षं उत्तराने हे एकटीने पाहिलं होतं, आणि दर वर्षी हसतमुखाने बाहेर आली होती.

मी कशालाही हात लावला नाही. दार ओढून घेतलं, पडवीत येऊन बसलो आणि दोरी पुन्हा हातात घेतली. आत आता घोरणं नव्हतं. कोणीतरी अगदी हलक्या हाताने थोपटत होतं.