तीन रविवारचं तेल

आग विझवायला तो वाळूची बादली घेऊन धावत आला, आणि आग नव्हतीच.

झालं होतं असं. अकरा वर्षं झाकून ठेवलेली बाबांची गाडी तिने त्या रविवारी सुरू करून पाहिली. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल. इंजिन आधी कण्हलं, मग खोकलं, आणि मग असा निळा धूर सोडला की गॅरेजचं दार दिसेना. त्या धुरातून तो आत शिरला. गल्लीच्या टोकाच्या वर्कशॉपातला मिस्त्री. बादली उचललेली… आणि तसाच थबकला. नाक वर करून त्याने वास घेतला.

"आग नाही. तेल जळतंय."

"मग ती बादली ठेवा की खाली."

त्याने ठेवली. नेमकी तिच्या पायावर.

ओळख झाली ती अशी. ती वाचनालयात काम करायची, शब्दांत कधी अडखळायची नाही. पण त्या दिवशी अंगठा धरून एका पायावर उभी असताना तिला एकही शब्द आठवला नाही.

आई बाहेर आली. तिने आच्छादन काढलेल्या गाडीकडे बराच वेळ पाहिलं. "हिचे बाबा म्हणायचे, उभी गाडी मरते. ओळखीचे एक डॉक्टर नवरा-बायको घ्यायला तयार आहेत, दोघंही हौशी आहेत. फक्त धूर थांबला पाहिजे. जमेल का हो, मिस्त्री?"

"इंजिनातल्या रिंगा चिकटल्यात, सील कडक झालेत. जमेल. पण रविवारीच येता येईल मला."

मग रविवार सुरू झाले. त्याने प्लग काढून आत डिझेल आणि पातळ तेल सोडलं आणि इंजिन आठवडाभर तसंच भिजू दिलं. पुढच्या रविवारी हाताने फिरवलं, थोडं थोडं, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं.

"घाई का नाही करत?" तिने विचारलं.

"घाईने तुमचं पुस्तक संपतं का?"

"वाईट असेल तर संपतं."

"हे चांगलं आहे," तो म्हणाला. इंजिनाबद्दलच बोलत होता… बहुतेक.

गाडीच्या कप्प्यात एक पिवळं फडकं निघालं. लहानपणी तेल बघायचं काम तिचं असायचं. बाबा इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून तिच्या हातात द्यायचे, ती फडक्याने पुसायची, परत घालायची आणि जोरात सांगायची, "खुणेवर!" हे तिने त्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने पट्टी उपसली आणि तिच्यापुढे धरली.

"सांगा."

"खुणेवर," ती म्हणाली. आवाज जरा बारीकच निघाला.

"खुणेच्या वर कधी जाऊ द्यायचं नाही. तेल जास्त झालं तर इंजिन तेच पिऊन धूर ओकतं."

हे त्याने सांगायला नको होतं. कारण सील बदलून झाले, चौथ्या रविवारी धूर नावालाही उरला नाही, आणि तो हात पुसत म्हणाला, "पुढच्या वेळी शेवटचं बघतो." त्या 'शेवटचं'ने तिची झोप उडाली. गाडी जाणार, हे तिने मनाला समजावलं होतं. पण गाडीबरोबर रविवारही जाणार होते.

शनिवारी वाचनालयातून येताना तिने पेट्रोल पंपावरून तेलाचा डबा आणला.

पाचव्या रविवारी पुन्हा निळा धूर. त्याने वास घेतला, पट्टी पाहिली, तिच्याकडे पाहिलं.

"दोष आहे अजून," तो म्हणाला. "चहा मिळेल का?"

सहाव्या रविवारी तेच. सातव्यालाही तेच. दर वेळी तो कपाळाला आठ्या घालायचा, आणि ती चहा करायला आत गेली की गाडीखाली शिरायचा.

मग आई एक दिवस भाजी निवडताना म्हणाली, "डॉक्टरीणबाईंचा फोन होता. रविवारी संध्याकाळी येतायत." आणि मान वर न करता, "तुझ्या हाताला तेलाचा वास येतोय हं."

त्या शनिवारी तिने डबा आणला नाही. बाबांच्या गाडीला तिने तीन आठवडे मुद्दाम खोकायला लावलं होतं. स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी इंजिन शहाण्यासारखं गुणगुणलं. धूर नाही. तो म्हणाला, "चक्कर मारून बघू."

लहानपणी बाबांच्या शेजारी बसायची, त्याच सीटवर ती बसली. झाडांच्या सावल्या काचेवरून तशाच सरकत होत्या. टेकडीच्या वळणावर त्याने गाडी थांबवली.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "तो धूर… म्हणजे मीच—"

"आधी डिकी उघडा."

डिकीत तीन बाटल्या होत्या. सोनेरी, स्वच्छ तेल, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिलेली. तिन्ही रविवार.

"तुम्ही चहाला गेलात की मी काढून घ्यायचो," तो म्हणाला. "फडकं ओलं असायचं ना… पिवळं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुढच्या रविवारी कशाला आलो असतो?"

 डिकीच्या कडेवर त्याच्या हाताशेजारी तिने आपला हात ठेवला, एवढंच.

संध्याकाळी गाडी गेली; बाटल्या तेवढ्या तिने काढून ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी वळणावर हॉर्न वाजवला. बाबा वाजवायचे तसाच, दोनदा. आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "चालली बाई माझी."

पुढच्या रविवारी गॅरेजात फक्त फरशीवरचा काळा डाग उरला होता. दहा वाजता फाटक करकरलं. तो आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात हत्यारांची पिशवी नाही.

"आता काय राहिलंय दुरुस्त करायचं?" तिने विचारलं.

तो गडबडला. इकडेतिकडे पाहिलं. "फाटक… फाटक करकरतंय तुमचं. तेल घालावं लागेल."

"आहे की," ती म्हणाली. "तीन बाटल्या आहेत. एका वेळी एकच थेंब घाला हं, मिस्त्री."