दोन धडांची गाडी

सरका जवळ, शेकोटीला सरका. हा मोहित मघापासून मोबाइलवर सेकंड हँड गाड्यांचे फोटो पाहून राहिला, म्हणून आठवलं. घ्यायची तर घे बाबा, मी नाही म्हणत नाही. पण आधी धम्मदीपचं ऐक. आमच्या मागच्या गल्लीतला, इंदोऱ्यातला पोरगा. खोटं वाटलं तर उद्या जाऊन त्यालाच विचार. फक्त त्याला मागून हाक मारू नको. समोरून जा.

धम्मदीप मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. बाप रेल्वेत होता, तो लवकर गेला. घरी आई इंदूबाई आणि धाकटी बहीण पायल. पोरगा सरळ, दारू नाही, खर्रा नाही. एकच खूळ, जपानी गाड्यांचं. शाळेत वहीच्या मागच्या पानावर सदा एकच गाडी काढायचा. बॉनेटवर हवा ओढायचं नाकाडं, मागे पाटाएवढा पंख, आत टर्बो. टर्बो म्हणजे काय तेही त्यानेच मला समजावलं होतं.

"इंजिनच्या धुरावर एक पंखा फिरते काका, तो इंजिनात हवा कोंबते. पाय दाबला का गाडी एक क्षण विचार करते. मंग मागून कोणी लाथ हाणल्यावानी सुटते."

हे सांगताना त्याला समोरचा माणूस दिसत नसे.

तर अशी गाडी शहराबाहेर वाडीला विकायला आहे असं कळलं आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी तो ती पाहायला गेला. सोबत विक्की. विक्की म्हणजे बालवाडीपासूनचा दोस्त, जरीपटक्यात मोबाइलचं दुकान आहे त्याचं. गरीब स्वभाव. कुत्र्याला हाड म्हणतानाही अजीजी करणारा.

ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे कृष्णकांत नावाच्या दलालाचं आवार होतं. त्याने ताडपत्री ओढली. खाली निळी गाडी, थेट वहीतली. किंमत इतकी कमी की विक्कीने दोनदा विचारून खात्री केली. एकच उणीव होती. मागची सीट नव्हती. तिथे नुसता पत्रा, वर गालिचा.

"रेसवाले काढून टाकतात," कृष्णकांत म्हणाला. "वजन कमी होते. तुले काय करायचं मागच्या सीटचं? दोघांची गाडी आहे ही." मग खाली पाहून परत म्हणाला, "दोघांचीच आहे."

धम्मदीपने त्याच आठवड्यात गाडी घरी आणली. गल्लीतली पोरं भोवती नाचली. इंदूबाईंनी चहूबाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. अन् आम्ही कुठी बसाव? डिक्कीत?"

आईचं म्हणणं रास्त होतं. त्याने शोधून शोधून मागची सीट मिळवली आणि बसवायला टाकली. सीट बसवणाऱ्याने गालिचा उचलला आणि त्याला हाक मारली. पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंगची रेघ. बाजूने वर चढलेली, छताच्या कापडाखालून पलीकडे गेलेली.

"भाऊ, ही एक गाडी नाही. पुढची एक आहे, मागची एक आहे. अर्धी-अर्धी कापून जोडली."

"तुटंन का?"

"जोड पक्का आहे. पण मी असतो तं नसती घेतली."

धम्मदीपला रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठला, गाडी सुरू केली, टर्बोची ती शिटी ऐकली आणि राग विसरला. हौसेला डोळे नसतात.

सीट लावल्यावर पहिल्यांदा मागे बसला तो विक्की. दोघं कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांचं क्रेट घेऊन येत होते. क्रेट पुढच्या सीटवर ठेवलं, म्हणून विक्की मागे. रिंग रोडला दिवेलागणीची वेळ. दोघं हसतखिदळत होते. मग विक्की गप्प झाला. धम्मदीपला वाटलं, फोन पाहत असेल. आणि मागून एकदम अशी घाणेरडी शिवी आली, त्याच्या आईवरून, की त्याला आपल्या कानांवर विश्वासच बसेना. तो वळणार तोच विक्कीने त्याचे केस मुठीत धरले आणि डोकं खिडकीच्या काचेवर हाणलं. परत हाणलं. काच तडकली. गाडी दुभाजकाला घासत थांबली.

धम्मदीप उतरला. विक्कीला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि तोंडावर बुक्क्या घातल्या. तो खाली पडला तरी थांबला नाही. विक्कीचे समोरचे दोन दात रस्त्यावर पडले. लोकांनी धावून येऊन सोडवलं, नाहीतर त्या दिवशी मुडदाच पडला असता.

"काहून मारलं मले?" धम्मदीप ओरडत होता. "काहून शिवी देल्ली?"

विक्की रक्त थुंकत रडत होता. "मी? तूच शिव्या देऊन राहिला होता बे! माह्या मेलेल्या मायवर! एकसारखा!"

धम्मदीपने तर तोंड उघडलं नव्हतं. आणि विक्की म्हणे, मी एक शब्द बोललो नाही. दोघंही खरं बोलत होते पोट्टेहो. पण त्या दिवसापासून बोलणं बंद झालं.

धम्मदीप तडक वाडीला गेला आणि जोडलेली गाडी गळ्यात मारली म्हणून कृष्णकांतची गचांडी धरली. कृष्णकांतने हातसुद्धा उचलला नाही. फक्त विचारलं,

"मागची सीट लावली का तू?"

मग त्याने सांगितलं. छत्तीसगडकडचे दोन भागीदार होते, लोखंडाच्या धंद्यातले. एकाने ही गाडी घेतली, तर दुसऱ्याने ईर्ष्येने तशीच घेतली, त्याच रंगाची. पुढे धंदा फाटला, मनं फाटली. एका रात्री हायवेवर एक पुढे पळत होता आणि दुसरा मागून त्याच्या गाडीवर गाडी घालत होता. पुन्हा पुन्हा. शेवटचा दणका असा बसला की पुढच्या गाडीचा मागचा भाग राहिला नाही आणि मागच्या गाडीचा पुढचा. पुढच्याची मान मोडली. मागच्याच्या छातीत स्टेअरिंग घुसलं.

"जे चांगलं उरलं ते कोणीतरी जोडलं," कृष्णकांत म्हणाला. "पुढच्याचं पुढचं, मागच्याचं मागचं. मी तं नंतर घेतली. मागं कोणी नाही बसलं तं काही होत नाही. पण बसलं..." त्याने आवाज उतरवला. "तो अजून बी त्याच्या मागंच आहे ना गा."

धम्मदीप हसला. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, आणि देवांमागोमाग भुतंही गेली. त्या घरात असलं कोणी मानत नाही. तरी येत्या शनिवारी सीट काढून टाकू, असं त्याने मनाशी ठरवलं.

शनिवार उजाडायचा होता. ती रात्र मंगळवारची. नऊ जानेवारी, दोन हजार चोवीस. कडाक्याची थंडी. जेवणं झाली होती. उमरेडहून फोन आला की जिजाबाई, म्हणजे इंदूबाईंची सख्खी बहीण, शेवटच्या घटका मोजून राहिली. डोळे दाराकडे लावून बसली आहे. त्या वेळी उमरेडला यायला कोणी टॅक्सीवाला तयार होईना.

"काढ तुही गाडी," इंदूबाई म्हणाल्या.

"पायल, तू नको येऊ," धम्मदीप म्हणाला.

"काहून? मावशीनं मले अंगाखांद्यावर खेळवलं, दादा."

"चाल वं पोरी, बस मागं," आईने निकाल दिला.

याच्यापुढे काय बोलणार? मागे भूत आहे म्हणणार? त्याने गाडी काढली. आई पुढे, पायल मागे शाल पांघरून. त्याने गाडी हळू ठेवली. पाचगाव मागे पडलं. रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना काळोख आणि तुरीची शेतं. आईचे ओठ हलत होते, बहिणीसाठी. पायल मध्येच म्हणाली, "दादा, हळू चालव ना."

"हळूच आहे वं."

"नाही. कोणी मागं लागल्यावानी चालवून राहिला तू."

त्याने काट्याकडे पाहिलं. काटा वर गेला होता. त्याचा पाय खाली दाबलेला होता. त्याने पाय उचलायला घेतला...

उचलला जाईना.

टर्बोची शिटी चढत गेली. आरशात त्याने पायलला पाहिलं. तिची मान कलली होती. डोळे मिटलेले. गाढ झोपली होती पोरगी.

मग मागून आवाज आला. पायलचाच आवाज. अगदी हळू.

"किती पळशीन बे?"

आरशात पायलचे ओठ मिटलेले होते.

"आई... तू ऐकलं?"

"काय?"

तो सांगायला गेला. घशात काही अडकलं. अडकलं नव्हतं. आवळलं होतं. सीटच्या दोन्ही बाजूंनी दोन हात आले होते. बांगड्या पायलच्या. नखं पायलची. पण ताकद... लोखंड उचलणाऱ्या गड्याची.

आरशात ती अजूनही झोपलेली.

आणि पोट्टेहो, त्या क्षणी धम्मदीपला भीती वाटली नाही. हे त्याने मला मान खाली घालून सांगितलं. राग आला. असा राग, की आयुष्यात कधी आला नव्हता. मागचीला संपवायचं. एवढंच. ती आपली बहीण आहे हे आठवेना. तिचं नाव आठवेना.

समोर नाल्यावरचा पूल दिसला. दगडी कठडा. त्याने मनात नेमका हिशेब केला. स्टेअरिंग असं वळवायचं, की पुढचं सुटेल आणि मागचं कठड्यावर आदळेल. मागचं दार. तिच्या डोक्याच्या बाजूचं.

पाय दाबला. गाडीने एक क्षण विचार केला.

मग लाथ बसली.

इंदूबाई किंचाळल्या. "दीपू! पूल!" त्याने वळून पाहिलं नाही. आईने त्याचा हात ओढला. हलेना. गालात मारली. काही नाही. मागे पाहिलं, तर पोरीचे हात पोराच्या गळ्यात. पोराचे डोळे बाहेर आलेले. आणि तो हसत होता.

मग त्या माउलीने त्याच्या मनगटाला चावा घेतला. साधा नाही. दात हाडाला लागले. तोंड रक्ताने भरलं तरी तिने सोडलं नाही. आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

गाडी गरगर फिरली. कठडा आला तो मधोमध. मागच्या दारावर नाही, वेल्डिंगच्या रेघेवर.

आवाज...

मग काहीच नाही.

धम्मदीप शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या मागे गाडी नव्हती. उघडं आभाळ होतं. पुढचं अर्धं धड रस्त्याच्या डाव्या हाताला तुरीच्या शेतात पडलं होतं, त्यात तो आणि आई. मागचं अर्धं पार उजवीकडे, नाल्याच्या उतारावर. तिकडून पायल रडत होती. "दादा... दादा..." तिचाच आवाज. तो सरपटत गेला. ती बेल्टमध्ये लटकलेली, मांडीचं हाड बाहेर आलेलं. त्याने तिला छातीशी धरलं, तर तीच त्याला म्हणाली, "दादा, तुह्या गळ्याले काय झालं?"

तिला काही ठाऊक नव्हतं. फक्त स्वप्नात समोर दोन लाल दिवे दिसत होते म्हणे. पळणारे. आणि ते गाठायचे होते.

अँब्युलन्स आली. पोलीस आले. सगळे मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिकडे जिजाबाई दाराकडे पाहत पहाटे गेली. पायल आजही लंगडते. धम्मदीपच्या मनगटावर आईच्या दातांची कमान आहे. बहीणभावांचा जीव एकमेकांवर आहे, पण पाठीमागे कोणी उभं राहिलेलं त्याला सोसत नाही. पायल तर नाहीच. तीही बिचारी समोरून येते.

पण मी गोष्ट सांगतो ती याच्यासाठी नाही.

सकाळी पंचनाम्याला धम्मदीपला बोलावलं. रात्री बातमी कळताच विक्की सगळं विसरून दवाखान्यात आला होता, तोच त्याला धरून घेऊन गेला. सोबत हवालदार वामनराव. हे वामनराव मला स्वतः सांगत होते, आणि त्या माणसाला खोटं बोलायची सवय नाही. रात्री त्यांनी दोन्ही धडांपाशी दगड लावून ठेवले होते. क्रेन अजून यायची होती. रात्रभरात तिथे मोठं वाहन थांबल्याचं आजूबाजूच्या शेतांवर कोणी पाहिलं नव्हतं.

तिघं पुलापाशी उतरले.

डावीकडे शेतात काही नव्हतं. तुरीची आडवी झालेली झाडं तेवढी.

उजवीकडे उतारावरही काही नव्हतं.

दोन्ही धडं रस्त्याच्या मधोमध होती. एकात एक घुसलेली. पत्रा पत्र्यात रुतलेला, जसे दोन बैल शिंगात शिंग अडकवून मेले असावेत. डांबरावर दोन चर पडले होते. खोल, ताजे. एक शेताकडून आलेला, एक नाल्याकडून.

वामनराव त्या चरांवर वाकले. मग विक्कीने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि बोट दाखवलं.

पुढचं धड उलटं फिरलेलं होतं. त्याचं तोंड आता मागच्याकडे होतं.