जमिनीवर ठेवलेला पेला

शेगडीतले निखारे अजून धुमसत होते. अबू तलालनी घोंगडी पायांवर ओढली आणि दोन्ही पुतण्यांकडे पाहिलं.

"कोपऱ्यावरचा टायरवाला मारवान माहीत आहे ना? त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. मागचा ऑक्टोबर, तिसरा शनिवार. आकाशात चंद्र नव्हता."

मारवान मुलीला घेऊन किल्ले बघायला निघाला होता. बेत खरं तर त्याच्या बायकोचा, हनीनचा. जेराशचे रोमन खांब, अजलूनचा किल्ला, करक आणि शेवटी शोबाक. पण जूनमध्ये हनीन गेली. तेव्हापासून मारवानला ना रडू, ना भूक. थोरली बहीण नुहाद हात धुऊन मागे लागली, म्हणून तर गाडी निघाली.

पुढची सीट रिकामी होती. तिच्यावर हनीनची निळी ओढणी. आठ वर्षांची लयान तिथे कोणालाच बसू देत नसे. "तिथे मम्मा बसते," एवढंच म्हणायची. धिप्पाड नुहाद बिचारी मागे अंग चोरून बसली. जेराशला पोरीने एकेका खांबाला हात लावला, "मम्मा, हा बघ," म्हणत. मारवान सावलीला बसून राहिला.

"दगड बघायला आलोय की दगड घेऊन आलोय, तेच कळेना," नुहाद म्हणाली. तो हसलाही नाही.

शोबाकचा किल्ला उतरेपर्यंत अंधार पडला. मादबाला घरी पोचायचं तर रस्ता लांबचा. मारवानची झोप उडावी म्हणून नुहादने रस्त्याच्या कडेला गॅसवर वेलचीची कॉफी ठेवली. तेवढ्यात किल्ल्याच्या बाजूने एक म्हातारा उतरत आला. अंगावर जाड झगा, पायांत काही नाही. आलेल्याला आधी कॉफी, मग चौकशी, ही रीतच. नुहादने पेला पुढे केला.

म्हाताऱ्याने तो घेतला, पण ओठाला लावला नाही. गाडीकडे बघत म्हणाला,

"पुढे कोण बसतं?"

"कोणी नाही," मारवान म्हणाला.

"मम्मा बसते," लयान म्हणाली.

म्हाताऱ्याने पेला जमिनीवर ठेवला.

पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे त्याला काही मागायचंय. ते हाती पडल्याशिवाय तो पीत नाही. शहाणा माणूस अशा वेळी आधी विचारतो, काय हवंय. मारवानने विचारलं नाही. आपल्याकडून नेण्यासारखं आता काही उरलंय, असं त्याला वाटतच नव्हतं.

"प्या, हाजी. मागाल ते दिलं."

"मारवान, अरे आधी विचार तरी..." नुहादने त्याचा दंड धरला.

म्हातारा पोरीकडे बघत राहिला. बराच वेळ. मग वळला... अंधारात गेला. पावलं वाजली नाहीत.

पेला तिथेच. भरलेला.

"काय देऊन बसलास तू?" नुहादने विचारलं.

मारवानने गॅस उचलून गाडीत टाकला.

पेल्याला कोणी हात लावला नाही. तो तिथेच टाकून ते निघाले. वाटभर नुहादने लयानला पोटाशी धरलं होतं. तिचा श्वास बघत होती. रोज मम्माला हाका मारत झोपणारी पोरगी त्या रात्री लगेच झोपली. नुहादला बरं वाटलं. मारवानला काहीच वाटलं नाही.

रविवार, आठवड्याचा पहिला दिवस. सकाळी शाळा. लयानने गाडीचं पुढचं दार उघडलं. ओढणी उचलली.

"बाबा, ही कोणाची?"

"अगं... मम्माची."

"कोणाच्या मम्माची?"

मारवानने इंजिन बंद केलं. नाव सांगितलं. फोनमधला फोटो दाखवला. पोरीने तो नीट पाहिला, परक्या घरातल्या भिंतीवरचा बघतात तसा.

"छान आहेत," ती म्हणाली.

तेव्हा मारवान रडला. जूनपासून पहिल्यांदा. स्टिअरिंगवर डोकं टेकून, लहान मुलासारखा.

"बाबा, सरकवा ना हे. मला बसायचंय."

त्याने मान वर केली.

ओढणी होती त्या जागी पेला होता. नुहादचा. शोबाकला टाकलेला.

रिकामा...

त्याने हातात घेतला. तळाशी एक थेंब. अजून कोमट.