चतुर्थीची ओहोटी

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत, स्कूटर आणि मासळीच्या टोपल्यांच्या मधून, एक लाकडी फळी आली आणि श्रुतिका परबच्या गुडघ्यावर आपटली.

फळीच्या मागून एक मुलगा आला.

"सॉरी, सॉरी! लागलं?"

"नाही, गुदगुल्या झाल्या. आहे काय हे?"

"सुकाणू. बोटीचं."

"आणि बोट?"

"पलीकडे, मढला. हे मोडलं होतं, वर्सोव्याच्या सुताराकडून नीट करून आणलं."

"म्हणजे बोट तिकडे आणि तिची अक्कल इकडे."

तो हसला. हसता हसता त्याने उजवा पाय मागे दुमडून मांडी ताणून घेतली. भर फेरीबोटीत. काठ यायच्या आत तिला कळलं की हा निहार गुप्ते, बोरिवलीचा, पवईच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी मढच्या खाडीकाठी एका छोट्या क्लबात शिडाची बोट चालवतो. त्याला कळलं की ही मुलुंडची, घाटकोपरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि आज तिच्या पळणाऱ्या गटाबरोबर मढच्या किल्ल्यापर्यंत जाणार आहे.

"बोट दोघांची आहे," तो उतरता उतरता म्हणाला. "आधीचा जोडीदार लग्न करून नाशिकला गेला. येतेस?"

"मला पोहता येतं. बाकी काही नाही."

"झकास! बुडालो तर एक जण तरी वाचेल."

ही मार्चमधली गोष्ट.

मग उन्हाळा पळायला लागला, त्यांच्यासकट – शनिवारी पवई तलावाच्या कडेने, एकदा नॅशनल पार्कात कान्हेरीच्या चढावर, जिथे निहार पुढे आणि त्याचं वाक्य मागे, आणि वाक्याचा शेवट तिला कधीच ऐकू यायचा नाही, एकदा येऊरला, जिथे ती म्हणाली, जरा टेकू या ना रे, आणि तो टेकला, झाडाला, पोटऱ्या ताणायला, आणि दर रविवारी बोट, दोरी ओढ, वाक, इकडे ये, तिकडे जा, शीड डोक्यावरून गेलं, खांद्याला खांदा लागला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि तो म्हणाला,

"वारा फिरला."

खरंच फिरला होता. तेच तर दुखणं होतं.

मे अर्धा सरला तेव्हा बुटाची नाडी बांधता बांधता निहार म्हणाला, "जूनमध्ये बहुतेक कोचीला जाईन गं. ऑफिसचं काम. वर्षभर."

"काय?"

पण नाडी बांधून झाली होती. तो पळालासुद्धा.

पावसाआधी बोटी काठावर चढतात आणि ताडपत्रीखाली जातात. त्याआधी क्लबची एक शर्यत असते. म्हणजे हातात आता दोनच रविवार, हा आणि पुढचा, शर्यतीचा. तेवढ्यात श्रुतिकाला एकच गोष्ट हवी होती: हा माणूस एका जागी बसलेला. बसला की ती विचारणार होती, मी तुझी कोण? मग जा कोचीला, नाहीतर काश्मीरला.

क्लबच्या कुंडलिक सरांनी नौदलातून निवृत्त होताना शिस्त तेवढी बरोबर आणली होती. सुकाणूवरच्याने वारा पाहायचा, जोडीदाराने पाणी. निघण्याआधी सुकाणूवरचा विचारणार, "पाणी?" आणि भरती-ओहोटी बघून आलेला जोडीदार उत्तर देणार. उत्तर चुकलं, बोट रुतली, तर दोघांचीही गय नाही.

त्या रविवारी संकष्टी होती. मालवणकडच्या माणसाला तिथी कळली की समुद्र कळतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊणपट तीन: तीनला भरती, नऊला पूर्ण ओहोटी. दत्ताराम परब मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर राहूनही हे गणित रोज करायचे.

"आज चवथ," चहा गाळता गाळता ते लेकीला म्हणाले. "सकाळी खाडयेत पाणी गावाचा नाय हां."

"माहितीय, बाबा."

क्लबच्या धक्क्यावर निहारने शीड चढवलं, मान वर करून वारा पाहिला.

"पाणी?"

खाडी उन्हात चकचकत होती, आणि गुपचूप निघून चालली होती.

"आहे," श्रुतिका म्हणाली.

(पाणी कमरेएवढं.)

"तिवरांच्या कडेने घे ना. बगळे बघू."

"तुला बगळे कधीपासून आवडायला लागले?"

"आत्ताच."

(पाणी गुडघ्याएवढं.)

"श्रुतिका, तळ घासतोय का गं?"

"असेल थोडा."

(पाणी घोट्याएवढं.)

"आपण थांबलोय."

"हं."

(पाणी नाही.)

निहार ढकलायला उतरला आणि मांडीपर्यंत चिखलात गेला. तिने कॉलर धरून ओढला तेव्हा तो वर आला, त्याचा डावा बूट नाही आला.

"बस आता," ती म्हणाली. "पाणी येईपर्यंत काही होणार नाही."

तो बसला. चिखलाने माखलेला, एका पायात बूट, गुडघे तिच्या गुडघ्यांना लागलेले. अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हा माणूस नुसता बसला होता. श्रुतिकाने श्वास घेतला...

"वाट लागली," तो म्हणाला. "सर आता शर्यतीतून काढणार. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर हरलो होतो गं. तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे."

शर्यत! शर्यतीचा तिने विचारच केला नव्हता. घेतलेला श्वास तिने तसाच सोडून दिला.

(पाणी नाही. खेकडे.)

"तुझ्या डाव्या डोळ्याला नंबर आहे," ती म्हणाली. दुसरं काही सुचेना. "लांबचं बघताना तो डोळा बारीक करतोस."

"हे कधी पाहिलंस?"

"मार्चपासून पाहतेय."

(पाणी नाही. खेकडेही गप्प.)

"श्रुतिका..."

"हं?"

"काही नाही." त्याने मान वळवली. "ते बघ, पाणी आलं."

धक्क्यावर अख्खा क्लब उभा होता. कुंडलिक सर सगळ्यांच्या पुढे.

"निघताना पाणी विचारलं होतंस?"

"नाही, सर," निहार म्हणाला. "विसरलो."

श्रुतिकाने त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता, डावा डोळा बारीक करून.

"विचारलं होतं, सर," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. पाणी जाणार हे मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग का सांगितलंस?"

"ह्याच्याशी बोलायचं होतं. हा थांबतच नाही कुठे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत.

"मग? बोललीस?"

"नाही, सर. हिंमत झाली नाही."

सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "शर्यतीत दोघंही नाहीत. बोट उलटी करा आणि तळ धुऊन काढा."

बोट वाळूत पालथी घातली. दोघं दोन बाजूंना घासण्या घेऊन बसले. निहार इतक्या जोरात घासत होता की चिखल तिच्या तोंडावर उडत होता. तिने पुसला नाही.

"मला शर्यत हवी होती."

"चुकलं माझं."

"सरळ विचारायचं ना यार!"

"कधी? कान्हेरीच्या चढावर? तुझ्या पाठीला?"

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. मग घासणी हळू झाली.

"थांबलो की तू विचारणार, हे कळत होतं मला," तो म्हणाला. "म्हणून थांबत नव्हतो."

"काय विचारणार होते मी?"

"कोचीचं. ऑफिस नाही पाठवत मला. मी मागून घेतलंय. फेब्रुवारीत, तू भेटायच्या आधी. तेव्हा इथे अडवणारं कोणी नव्हतं. आता... जायचंही आहे मला, आणि तू आवडतेस. चांगलीच आवडतेस. हे दोन्ही एका दमात सांगायचं कसं?"

"सांगितलंस की."

बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. तिने ते ओतून टाकलं, नळावरून नवीन भरून आणलं, आणि परत जाऊन बसली ती त्याच्या बाजूला.

"मलाही आवडतोस," ती म्हणाली. "बहुतेक वेळा पाठच दिसते, तरी."

"मग नको जाऊ?"

"जा रे. मागून घेतलेलं काम टाकलंस तर वर्षभर तोंड पाडून बसशील, आणि बघायला मी. त्यापेक्षा कोची बरी."

"ऑक्टोबरात बोटी परत पाण्यात उतरतील. मी नसेन."

"मी दुसरा जोडीदार घेईन."

घासणी थांबली. "घेशील?"

"मग काय, बोट अर्धी रिकामी ठेवू?"

"बरोबर आहे." त्याने मान हलवली. मग तळाकडे बघतच... "आणि बोटीबाहेर?"

श्रुतिकाने त्याच्या कानामागचा वाळलेला चिखल बोटाने खरवडून काढला.

"बोटीबाहेरची जागा भरलीय."

वरून कुंडलिक सरांनी जेवायला हाक मारली. मग आणखी एकदा मारली. निहार तिच्याजवळून हलला नाही; धुऊन लख्ख झालेला तळ परत घासत बसला होता.