दिवे : शून्य

ते दार जरा ओढून घ्या, गार वारा येतोय. आणि मधे बोलू नका रे, माझा धागा तुटतो.

नकाशा कचेरीत एक मोजणीदार होता. माझ्या चांगल्या ओळखीतला. उभ्या नोकरीत तो खोटं फक्त एकदाच लिहून बसला. ही गोष्ट त्याचीच.

तुम्हाला ठाऊक आहे, इकडचं वाळवंट दर वर्षी पुढे सरकतं. किती सरकलं ते कळावं म्हणून कचेरीनं जुने नकाशे बाहेर काढले. साठ वर्षांपूर्वीच्या नकाशात त्या टोकाच्या गावात बेचाळीस घरं होती, शाळा होती. तीस वर्षांपूर्वीच्यात अठराच घरं, बाकी सगळे वाळूचे ठिपके. आता तिसरा करायचा होता. हल्ली नकाशा वरून, उपग्रहातून निघतो. पण घरात माणूस आहे की नुसत्या भिंती उभ्या आहेत, हे वरून दिसत नाही. त्याला कचेरीची जुनी रीत होती. अंधार पडल्यावर टेकडीवरच्या दगडी खांबापाशी उभं राहायचं आणि दिवे मोजायचे. दिवा दिसला तर घर नांदतं. एकही दिसला नाही तर गावावर ‘ओसाड’ असा शिक्का, आणि पाण्याचा टँकर बंद.

त्या गावात एकच दिवा उरला होता. तो मोजणीदाराच्या आक्काचा.

आक्का सत्तरीपार. एकटी. दर पंधरा दिवसांनी हा पीठ, तेल, औषधं घेऊन टेकडी चढायचा, उतरायचा, आणि तेच तेच बोलायचा.

“चल ना गं आक्का माझ्याकडे. गुडघे बघ माझे, कसे सुजलेत.”

“गुडघे तुझे सुजलेत ना? मग मी कशाला येऊ? शेक घे.”

अशी सात वर्षं गेली. माणूस दमतो हो. रागानं नाही, नुसताच दमतो. सप्टेंबरात तो खांबापाशी उभा राहिला. खाली आक्काचा दिवा दिसत होता, स्वच्छ. आणि त्यानं वहीत लिहिलं, दिवे शून्य. त्याचा हिशेब साधा होता. टँकर बंद होणार म्हटलं की आक्का आपोआप निघेल. बंद व्हायच्या आधी आपण जाऊन तिला घेऊन येऊ.

पण एरवी वर्षभर न हलणारे कागद या वेळी झरझर हलले. त्यात साहेबांनी याला दूरच्या मोजणीवर धाडलं. तिथं त्याला ताप भरला. परत येऊन टँकरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “बंद होऊन सोळा दिवस झाले की. म्हातारीला सांगितलं होतं मी.”

“मग ती आली कुणाबरोबर?”

“आली कुठं ती?” टँकरवाला म्हणाला.

तो दिवस गेल्या नोव्हेंबरातला, दहा तारीख, सोमवार. मोजणीदारानं कचेरीची जीप काढली, पाण्याचे दोन कॅन टाकले. नकाशे मागच्या सीटवर होते तसेच राहिले. रस्ता वाळूनं खाल्लेला, टँकरच्या मोठ्या चाकांनाच जमायचा, म्हणून जीप टेकडीच्या पायथ्याशीच सोडायची. पाठीवर एक कॅन घेऊन तो चढला. खांबापाशी पोचला तेव्हा सव्वाआठ झाले होते. चंद्र दहाच्या आत उगवणार नव्हता.

त्यानं खाली पाहिलं.

आक्काचा दिवा नव्हता.

त्यानं डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. नुसता अंधार. वहीत त्यानं खोटं लिहिलं होतं, ते आता खरं झालं होतं.

खांबाला टेकून तो खाली बसला. किती वेळ, कुणास ठाऊक...

मग एक दिवा दिसला.

वाळूच्या डोंगराकडून येत होता. बारीक. चालत होता. कुणीतरी जड काही उचलून चालावं तसा, जरा हेलकावत. आक्काच्या दाराशी आला. थांबला. मग वळला आणि आला त्याच वाटेनं परत गेला.

“आक्का!” तो ओरडला. हसायलाच लागला तो. म्हातारी चालतेय! हिंडतेय!

दिवा वाळूच्या उतारावर चढला. आणि तिथून... विझला नाही तो. खाली गेला. पायऱ्या उतरावं तसा, एकेक करून. जिथं पायऱ्या नाहीत तिथं.

त्याचं हसू थांबलं.

तो घसरत, पडत गावात पोचला. दार उघडंच होतं. टॉर्च मारला. आक्का खाटेवर, गोधडीत. डोळे मिटलेले.

“आक्का...”

त्यानं गोधडी हलवली.

“आक्का गं...”

“तो उजेड डोळ्यांवरून काढ आधी.”

तो खाटेशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. आक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काडी झाली होती हाताची.

“टँकरवाला म्हणाला, कागदावर या गावात कुणी नाही. म्हटलं, मग मी कोण, भूत?”

“मी लिहिलं ते, आक्का. मीच.”

“माहीत आहे. अक्षर तुझं नसलं तरी अक्कल तुझीच.”

“आत्ता दिवा घेऊन कुठं गेली होतीस?”

“मी? खाटेवरून उतरून नऊ दिवस झाले. तेल तर त्याच्याही आधी संपलं.”

त्यानं खाटेशेजारी पाहिलं. माठ होता. काठोकाठ भरलेला. पाणी अजून हलत होतं.

“हे कुणी भरलं?”

“येते एक बाई. रोज या वेळेला.”

“कोण?”

“नाही विचारलं. तहानलेल्यानं कशाला चौकशा कराव्यात?” गोधडी ओढून घेत ती म्हणाली, “बोलत नाही फारशी. दमलेली असते बिचारी. लांबून आणते म्हणाली.”

त्यानं टॉर्च दाराकडे वळवला.

मग ती आपणहून म्हणाली, “चल. नेतोस ना? तिला तरी किती हेलपाटे...”

त्यानं तिला पाठीवर घेतलं. टेकडी चढला, उतरला. गुडघ्यांनी त्या रात्री तक्रार केली नाही. तिला जीपमध्ये निजवलं, पांघरूण घातलं. मग साठ वर्षांपूर्वीचा नकाशा काखेत मारून तो पुन्हा गावात गेला. तिला म्हणाला, दार लावून येतो.

दारापासून थेंब पडले होते. वाळूवर काळे, ओले. ओळीनं. बाजूला पाऊल एकही नाही.

तो ओळीवरून चालला. सवयीनं पावलं मोजत. एकशे चाळीस, शेवटची उतार चढून. तिथं माथ्यावर ओळ संपली. भोवती नुसती वाळू, सपाट. त्यानं नकाशा उलगडला. आक्काचं दार सापडलं. तिथून एकशे चाळीस पावलं, ईशान्येला... पायऱ्यांची विहीर.

आता तिच्यावर चाळीस फूट वाळू.

त्यानं टॉर्च पायाशी धरला. वाळूत घागर टेकवल्याचा गोल ठसा होता. त्यानं बोट लावलं. ओला. आणि बघता बघता तो ठसा मधोमध पाण्यानं भरत आला.